'रेग्युलर पार्टनर'ला मराठीत काय म्हणायचं?

मृदुला_क: सांगली भागातल्या धंदा करणाऱ्या बायकांसाठी एक आरोग्य-प्रश्नावली मराठीत आणतेय. 'रेग्युलर पार्टनर'ला मी 'नियमित जोडीदार' लिहिलं. काल वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, "नेमानं येणारं गिऱ्हाईक व्हय? हायती की चार-पाच." विचारायचं होतं ते ज्याच्याशी संसार आहे त्या माणसाबद्दल, त्याच्याबरोबर निरोध वापरता का म्हणून. शब्द सुचवा.

कृष्णाकाठ: 'मालक' लिहा. त्या हेच म्हणतात. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय जवळ येऊ न देणारी बाई मालकापुढे तो काढत नाही. काढला की "मी काय गिऱ्हाईक आहे का?" धोका नेमका तिथे आहे, आणि तुमचा शब्द तोच झाकतोय.

शब्दव्रती: 'मालक' अरबीतून आलेला, वर बाईला मालमत्ता ठरवणारा. 'सहचर' काय वाईट आहे? आणि 'धंदा' कशाला? 'देहविक्रय करणाऱ्या महिला' म्हणावं.

कृष्णाकाठ: देह विकला असता तर तो संध्याकाळी घरी परत आला नसता. सांगलीच्या बायकांनी १९९६ साली संघटना काढली तिचं नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्यांनी 'वेश्या' शब्दही टाळला नाही, मग आपण 'धंदा' का टाळायचा? आणि माझी आजीही आजोबांना जन्मभर मालकच म्हणायची. "मालक रानात गेल्यात." लग्नाच्या बायकोचा शब्द आहे हा, म्हणून तर त्यांनी तो उचलला.

परिचारिका_मिरज: शब्दांनी औषध अडतं, हे मी पाहिलंय. खिडकीवर "गुप्तरोग कुठं बघतात?" असं मोठ्यानं विचारायला नको म्हणून बायका दुकानातून गोळ्या नेतात. आता पाटी 'सुरक्षा क्लिनिक' अशी असते, तरी केसपेपर देणारा माणूस जुनाच शब्द ओरडतो. तुमच्या प्रश्नावलीत 'योनिस्राव' असेल तर आधी काढा. "अंगावरनं पांढरं जातंय का?" असं विचारा, लगेच सांगतील.

शब्दव्रती: 'अंगावरून जाणे' उत्तम, अस्सल मराठी. 'निरोध'ही रुध् धातूचा, रोखणारा. योगशास्त्रातला इतका नेमका शब्द सरकारने १९६८ मध्ये पाकिटावर छापला, तेव्हापासून चारचौघांत उच्चारायची चोरी. 'मालक'ऐवजी 'यजमान' घ्या.

मृदुला_क: 'योनिस्राव' काढला. पण 'मालक' म्हटल्यावर आज एकीनं खोलीच्या मालकाचं नाव सांगितलं. 'तुमचे मालक' लिहू, की 'घरचा माणूस'?

चिपळूणकरीण: यजमान म्हणजे यज्ञ करणारा ना? आमच्याकडे नवऱ्याला सर्रास यजमान म्हणतात.

कृष्णाकाठ: आमच्याकडे यजमान म्हणजे ज्याच्या घरी जेवायला जायचं तो.

शब्दव्रती: दोन्ही बरोबर. यज् धातू. सविस्तर लिहितो.