मॉर्फिनचे उंदीर आणि जिन्याचे कोपरे

मेडिकल_चौकवाली:
परवाची ती पोस्ट डोक्यात गेली. "उंदराला रोज मॉर्फिन दिलं की मजा कमी कमी होते, म्हणूनच डोस वाढतो. व्यसन म्हणजे एवढंच." वर अंगठ्यांचा पाऊस! अहो, ओसरतो तो दुखणं मारायचा गुण. तापल्या पत्र्यावर तो उंदीर पुन्हा लवकर पंजा चाटायला लागतो, मान्य. पण दोन कप्प्यांचा खोका घ्या. एका कप्प्यात मॉर्फिन टोचायचं, दुसऱ्यात नुसतं सलाइन. मग दार उघडून बघायचं तो कुठे रेंगाळतो. आधी काही दिवस मॉर्फिन मिळालेला उंदीर नवख्यापेक्षा जास्त ओढीनं तिकडे जातो. संशोधक लेट यांचा १९८९ चा पेपर वाचा. डोस उतरवत न्या, नवखा ढिम्म राहतो, हा तरी जातोच (शिपेनबर्ग, १९९६). मजा आटली तर हे काहून होतं?

इतवारीकर:
हो जी, पण सोयीचे उंदीर मोजून राहिले तुम्ही. तुमच्या खोक्यात सुई माणूस टोचतो. कळ दाबून स्वतः हेरॉइन घेणारे बघा. दिवसाला १ तास मिळालं तर रोज तेवढंच घेतात, ११ तास मिळालं की वाढवतच नेतात. अहमद, वॉकर, कूब, २०००. पुढे जवळपास दिवसभर हेरॉइन मिळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत तार घालून पाहिलं, तर तेवढ्याच सुखासाठी करंट जास्त लागायला लागला. मजेचा बल्बच मिणमिणला ना बाप्पा! पोस्टवाला इतकाही चुकला नाही.

खर्राबहाद्दर:
कूब-बीब ठीक आहे, माझ्या मेव्हण्याचं ऐका. दिवसाला खर्र्याच्या सात पुड्या. सोडल्या, आठ महिने शिवला नाही. एक दिवस पानठेल्यावर पोरगा पन्नीवर खर्रा घोटून राहिला होता, चुन्याचा वास आला, झालं. संध्याकाळपर्यंत दोन. म्हणे चव काहीच लागली नाही, पण हात थांबेना.

मेडिकल_चौकवाली:
घ्या! आवडणं वेगळं, ओढ वेगळी. रॉबिन्सन-बेरिज हे संशोधक १९९३ पासून हेच सांगताहेत.

धरमपेठ_काका:
खर्र्यात अफू असते काय हो? तंबाखू न् सुपारी. धागा कशाचा, चाललंय काय! आणि निघालाच आहे विषय तर, २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा ठेल्यावर दिवसाढवळ्या घोटतात. आमच्या जिन्याचा एक कोपरा पांढरा उरला नाही.

खर्राबहाद्दर:
जिन्याचं सोसायटीच्या ग्रुपवर टाका ना काका.

धरमपेठ_काका:
टाकलं. थुंकणारा तुमचा मेव्हणाच असेल.

खर्राबहाद्दर:
मेव्हण्यावर जायचं काम नाही, सांगून ठेवतो!

बाबांची_लेक:
तुमचे जिने चालू द्या. माझ्या बाबांच्या हाडांत कॅन्सर होता. मॉर्फिनच्या गोळ्या मागितल्या तर एक डॉक्टर म्हणाले, "सवय लागेल." २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल केला, तो कोणासाठी? दुसरीकडे मिळाल्या तोवर तीन आठवडे उरले होते. बाबा झोपायला लागले. एकही गोळी जास्तीची मागितली नाही.

इतवारीकर:
वाईट वाटलं ताई. पण एका माणसावरून...

बाबांची_लेक:
आणि उंदरावरून चालतं?

मेडिकल_चौकवाली:
ताई, तुमच्या बाजूचेही उंदीर आहेत. नस दुखावलेले उंदीर हेरॉइनच्या बारक्या डोससाठी कळ दाबतच नाहीत. दुखणं थांबेल एवढा डोस असेल तरच दाबतात. आणि सवय काही अंगभर सारखी लागत नाही. आतड्यांना तर जवळपास लागतच नाही.

बाबांची_लेक:
ते माहीत आहे. रोज रात्री पोट साफ व्हायचं औषध मीच द्यायची.

इतवारीकर:
बरं. त्या पोस्टच्या "म्हणूनच" मधला "च" काढा, मी गप बसतो.

मेडिकल_चौकवाली:
काढला. तुमचा मिणमिणता बल्ब तासन्‌तास घेणाऱ्यांपुरता ठेवा.

इतवारीकर:
मेहरबानी.

धरमपेठ_काका:
जिन्याचं कोणी बोलत नाही.