जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे, ४ च्या जोडीला ८ चालंल का? मदत हवी आहे

मंडळी, घरात एक जुना लॅपटॉप आहे, आय५-४२१०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. धाकटी बहीण शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतीय, तिचं प्रोजेक्टचं सगळं काम ह्याच्यावरच चालतं. क्रोमचे चार टॅब आणि एक मोठी एक्सेल शीट उघडली की टास्क मॅनेजरात मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क पण १०० वर जाऊन बसते आणि मग माऊस पण हलत नाही, पोरगी पार वैतागलीय.

खालचं झाकण उघडून बघितलं, स्लॉट दोन आहेत, एक रिकामा. आत्ताच्या रॅमवर पीसी३एल-१२८००एस लिहिलंय, म्हणजे डीडीआर३एल, १.३५ व्होल्टवाली. राजारामपुरीतल्या एका दुकानात वापरलेली ८ जीबी दाखवली पण तिच्यावर नुसतं पीसी३ आहे, एल नाही, म्हणजे १.५ व्होल्टवाली. दुकानदार म्हणतोय बिनधास्त लावा, पण ह्या प्रोसेसरला १.५ व्होल्टवाली चालत नाही असं मला वाटतंय म्हणून घेतली नाही.

आता विचारायचं हे की ४ च्या जोडीला ८ लावली तर ड्युअल चॅनेलचा (दोन्ही रॅम एकदम वापरून वेग वाढतो तो) फायदा किती मिळतो, का ४+४ च बरं? आणि बजेट एकाच वस्तूचं असंल तर आधी रॅम का एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क)? विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय आणि ११ ह्याच्यावर अधिकृतपणे बसत नाही, त्यामुळं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकायचा पण विचार चाललाय.

कोल्हापुरात खात्रीची डीडीआर३एल कुठं मिळंल, टेस्ट करून देणारं दुकान माहीत असंल तर प्लीज सांगा, तिचं सबमिशन जवळ आलंय.