हॉवर्थमधले जेवणाचे टेबल

लेखकाचे घर पाहिल्याने पुस्तक अधिक कळत नाही, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथे शार्लट, एमिली आणि ॲन या कादंबरीकार ब्राँटे भगिनी ज्या पाद्र्याच्या घरात वाढल्या, ते १९२८पासून संग्रहालय आहे. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या तिघींच्या कादंबऱ्या ज्या जेवणाच्या टेबलाशी आकाराला आल्या, ते टेबल तेथे असून त्यावर शाईचे डाग आणि मेणबत्तीने जळाल्याची खूण अजून दिसते. रात्री तिघी बहिणी त्याच टेबलाभोवती फेऱ्या घालत लेखनाविषयी बोलत, आणि एमिली व ॲन गेल्यानंतर शार्लट एकटीच तशी फिरत असे, हे ठाऊक असले की त्या लहानशा खोलीत उभे राहताना गलबलून येते. घरासमोर दफनभूमी, मागे वाऱ्याने झोडपलेले माळरान. एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स'मधील मृत्यूचा वावर तिच्या दारातच होता, हे मला पुस्तकातून इतके जाणवले नव्हते. जाणाऱ्यांनी कादंबरी पुन्हा वाचूनच जावे आणि पायांत बळ असल्यास माळरानावरच्या टॉप विदेन्स या पडक्या शेतघरापर्यंत चालावे. कादंबरीतल्या वास्तूशी त्याचे साम्य नसले, तरी ती जागा एमिलीच्या मनात असावी, असे मानले जाते.