ऑनलाइन सेशनमध्ये एनपीसींसाठी व्हॉइस चेंजर: कोणी वापरतं का?

वीसबाजू
आमचा डीअँडडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ) ग्रुप डिस्कॉर्ड या व्हॉइस-चॅट ॲपवर खेळतो, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मी, त्यामुळे प्लेयरांची सोडून बाकीची सगळी पात्रं, म्हणजे एनपीसी, माझ्याच तोंडून बोलतात. कॅमेरे सगळ्यांचे बंद, त्यामुळे जे काय पोचायचं ते आवाजातूनच पोचतं आणि मला आवाज काढता येतात तीन-चार प्रकारचे, त्यात एकाच सीनमध्ये गॉब्लिनांचा सरदार, त्याचा कैदी आणि भिंतीतून बोलणारं भूत असे तिघं आले की लगेच "आत्ता कोण बोललं?" सुरू होतं. म्हणून व्हॉइस चेंजर, म्हणजे बोलता बोलता आवाज बदलणारं ॲप, टाकून बघितला. ड्रॅगनसाठी पिच खूप खाली नेला तर मला ऐकायला जबरदस्त वाटतं पण प्लेयर म्हणतात शब्द कळत नाहीत, आणि भुताला एको लावला की त्यांच्याकडे आवाज मधेच गुल होतो, माझ्याकडे मात्र नीट येतो. हे सेटिंगमुळे होतंय का माइकमुळे? आणि लांब कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) चालवणारे लोक हे खरंच वापरतात का? पुढे ड्रॅगन पार्टीशी, म्हणजे प्लेयरांच्या टोळीशी, सौदा करणार आहे, बराच वेळ बोलणार आहे, तो सीन मला चांगला करायचाय.

तारजोड्या
माइक बदलू नका. आवाज गुल होतोय तो डिस्कॉर्डच्या नॉइज सप्रेशनमुळे. माणसाचं साधं बोलणं सोडून बाकी सगळं त्याच्या दृष्टीने कचरा, त्यामुळे एकोची शेपटी, गुरगुर, कुजबुज हे सगळं ते कापून टाकतं. व्हॉइस सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन आणि ऑटोमॅटिक गेन कंट्रोल तिन्ही बंद करा, आणि मग हेडफोन लावूनच बसा, नाहीतर बाकीच्यांचे आवाज तुमच्या माइकमधून परत त्यांच्याकडे जातील. पंख्याचा वगैरे आवाज येत असेल तर तो चेंजरच्या आधी साफ करायचा, नंतर नाही. क्रम उलटा झाला की परत तेच. पुश टू टॉक (बटण दाबून धरलं तरच माइक चालू) वापरत असाल तर त्यात बटण सोडल्यावर किती वेळाने माइक बंद व्हावा हे वाढवता येतं, ते वाढवा म्हणजे भुताची शेपटी पूर्ण जाईल.

आता ड्रॅगन. पिच म्हणजे स्वरतंतू किती वेगाने थरथरतात ते, आणि फॉर्मंट म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत तो आवाज कसा घुमतो ते. समोरचा प्राणी केवढा मोठा आहे हे कानाला बरंचसं फॉर्मंटवरून कळतं. साधं पिच शिफ्ट दोन्ही एकदम खाली ओढतं, १२ सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या १२ पट्ट्या) खाली गेलात की सगळ्या फ्रिक्वेन्सी निम्म्या, मग 'स' मधली जी सीटीसारखी धार असते ती खाली येऊन 'श' सारखी ऐकू येते आणि शब्द चिखल होतात. पिच ३-४ सेमीटोनच खाली घ्या, फॉर्मंट वेगळा स्लायडर असेल तर तो थोडा खाली, आणि इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) वरच्या फ्रिक्वेन्सी जरा उचला. आणि महत्त्वाचं, स्वतःचा बदललेला आवाज हेडफोनमध्ये ऐकत बोलू नका. तो उशिरा येतो, आणि साधारण २०० मिलीसेकंदाच्या उशिरानं स्वतःचं बोलणं कानावर आलं की चांगलं बोलणारा माणूसही अडखळतो. आधी रेकॉर्ड करून ऐका, सेशनमध्ये मॉनिटर (स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायची सोय) बंद.

नकाशेवाली
तारजोड्यांनी सेटिंगचं सांगितलंय ते बरोबरच आहे पण मी बरीच वर्षं डीएम आहे आणि माझं मत असं की चेंजर फक्त जे माणूस नाही त्यालाच लावावा. ड्रॅगन, भूत, बोलणारी तलवार. सरदार आणि कैदी यांना लावू नकोस. कारण एनपीसी चिडला, घाबरला, खोटं बोलला की तुझ्या आवाजात जे बारीक बदल होतात ते चेंजरमध्ये सपाट होतात, आणि प्लेयरला नेमके तेच पकडायचे असतात, त्यावरच तर ते ठरवतात की इनसाइट रोल (समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखायला टाकायचा फासा) मागायचा का नाही.

माणसांसाठी बोलण्याची पद्धत बदल. सरदार सगळ्यांना अरे-तुरे करतो आणि वाक्य अर्धं सोडतो. कैदी प्रत्येकाला अहो-जाहो, आणि उत्तर देण्याआधी थांबतो. ड्रॅगन स्वतःला 'आम्ही' म्हणतो आणि कधीच घाई करत नाही. एवढं केलंस तरी नाव न सांगता ओळखू येतात, आणि सहा महिन्यांनी तो कैदी परत भेटला तरी तुला त्याचा आवाज आठवेल. चेंजरच्या बाबतीत हे फार बघावं लागतं, बऱ्याच ॲप्सच्या फुकट व्हर्जनमध्ये आवाज मोजकेच असतात आणि तेही अधूनमधून बदलतात, तेव्हा ज्या पात्राला कॅम्पेनभर टिकायचंय त्याचं सेटिंग स्वतः बनवून सेव्ह कर आणि आकडे नोट्समध्ये लिहून ठेव.

शांतरोल
मी प्लेयरच्या बाजूने सांगतो. मला एका कानाने कमी ऐकू येतं, एको असलेला आवाज मला दोन-तीन वाक्यांच्या पुढे झेपत नाही, सगळी शक्ती शब्द लावण्यातच जाते आणि खेळ बाजूला राहतो. आमचा डीएम पहिली एक-दोन वाक्यं इफेक्टमध्ये बोलतो, मग साध्या आवाजात येतो, आणि जी अट किंवा कोडं महत्त्वाचं आहे ते चॅटमध्ये टाइप पण करतो. पहिल्या वाक्यातच डोक्यात तो ड्रॅगन बसलेला असतो, पुढे इफेक्टची गरज पडत नाही. प्लीज सेशन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकदा विचारा.

पडदाबिंदू
इथेच विचारतो, आम्ही एका टेबलभोवती समोरासमोर खेळतो, तिथे माइक आणि छोटा स्पीकर लावून हे जमेल का?

तारजोड्या
@पडदाबिंदू लाइव्ह करायला गेलात तर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणार, शिवाय तुमचा खरा आवाज सगळ्यांना आधी ऐकू येणारच आणि बदललेला त्याच्या मागून. समोरासमोर असाल तर ड्रॅगनची दोन-चार वाक्यं आधी रेकॉर्ड करून ठेवा, ती सीन उघडताना वाजवा. बाकी तोंडानेच.

वीसबाजू
तिन्ही सेटिंग बंद करून एका प्लेयरसोबत टेस्ट केलं, भूत आता पूर्ण ऐकू जातंय! ड्रॅगन ४ सेमीटोनवर आणलाय, फॉर्मंट वेगळा आहे माझ्या ॲपमध्ये. @नकाशेवाली सरदार-कैद्याचं पटलं, त्यांचे इफेक्ट काढून टाकतो, आणि 'आम्ही'वाला ड्रॅगन मी घेतोय. @शांतरोल ग्रुपवर विचारलंय, एकीने सांगितलं की तिला पण एकोचा त्रास होतो, आत्तापर्यंत बोलली नव्हती. सौद्याच्या अटी चॅटमध्ये टाकेन. एक राहिलं, सीनमध्ये चेंजर चालू-बंद करताना माऊसने ॲप शोधत बसावं लागतं, त्याचं काय करता?

नकाशेवाली
हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरचं शॉर्टकट बटण, लाव. एक बटण ड्रॅगनला, एक साध्या आवाजाला, बास. आणि फासे टाकायला जे बटण वापरतोस त्याच्यापासून लांबचं घे.