मेलेला माड : बुंधा तसाच ठेवू नका

कुणीतरी सुचवलं की शेंडा गेलेला माड तसाच उभा ठेवा, पावसात आपोआप पडेल. पडेल हो, पण कुणाच्या कौलांवर?

आमच्या आगरातला माड सोंड्या भुंग्याने खाल्ला. बुंध्याला भोकं, त्यातून तांबूस चिकट पाणी आणि चघळल्यासारखा भुसा. कान लावला तर आत कुरकुर ऐकू यायची. तोवर शेंडा गळून पडला होता. माडाला कोंब एकच, तो गेला की संपलं. आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही.

पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढायला तयार होईना, आणि बरोबरच होतं त्याचं. पोखरलेला बुंधा माणसाच्या वजनाने मध्येच मोडतो. शेवटी शेजारच्या धडधाकट माडावर चढून त्याने दोर टाकला, तिघांनी ओढ धरली आणि खालून करवतीने कापून मोकळ्या बाजूला पाडला. हे मे महिन्यातच उरकावं, वारा सुटल्यावर नाही.

खरं काम पुढे. ओंडके चिरले तर आत अंगठ्याएवढ्या पिवळट अळ्या! सगळे तुकडे जाळले. चांगला बुंधा असता तर पऱ्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, झाला असता, पण कुजका ठेवला की गेंड्या भुंगा (हा माडाचा दुसरा शत्रू) त्यातच अंडी घालतो आणि उरलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. शेणखताच्या खड्ड्यातही तोच असतो, तोही उपसून बघा.

जमिनीत उरलेला खोडका फुटत नाही, पण कुजला की त्यातही गेंड्या भुंगा अंडी घालतो, म्हणून तोही खणून काढा. रत्नागिरीजवळ राहत असाल तर भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात एकदा विचारून या.