दुचाकीवरचा ताबा : तुम्हाला कोणी शिकवला, कसा शिकवला?

घाटपायथा
आज सकाळी दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावर एक पोरगं गाडीसकट पडलं. रात्री वळवाचा शिडकावा झालेला, धूळ आणि ऑइलचा नुसता राडा. वळताना कुत्रं आडवं आलं, त्याने पुढचा ब्रेक कचकन आवळला आणि चाक निसटलं. गुडघा सोलवटला, बाकी ठीक. कट्ट्यावर बसवून पाणी दिलं तर म्हणतो, "काका, म्हणूनच पुढचा ब्रेक कधी लावायचा नसतो." आणि मला बाबा आठवले.

१९९७, भोर. बाबांची राजदूत. शाळेसमोरचा डांबरी रस्ता रविवारी मोकळा असायचा. खेळाच्या खोलीतली मूठभर फक्की घेऊन बाबांनी आडवी रेघ मारली. "तिकडून तिसऱ्या गिअरमध्ये ये. पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक." आधी फक्त मागचा. चाक जाम झालं, गाडी फरफटत गेली, जिथं थांबली तिथं दुसरी रेघ. मग फक्त पुढचा. मग दोन्ही. दोन्ही ब्रेकची रेघ इतकी अलीकडे आली की मी पुन्हा पुन्हा पावलं मोजली. बाबा म्हणाले, "ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाने काय थांबणार?" मग माझ्या मुठीवर मूठ ठेवून हळूहळू दाब वाढवत नेला. "धार काढताना दाबतो तसं. झटका दिलास तर गाय लाथ मारते."

आणि ब्रेक लावायचा तो सरळ रस्त्यावर, वळण सुरू व्हायच्या आधी. त्या पोराचं चुकलं ते एवढंच. तुम्हीही लिहा, नवीन पोरं वाचतील.

सुलूआत्या
बाप रे, लागलं नाही ना फार त्याला? हळद लावली का?

बुलेटचा नातू
धार काढण्याचं उदाहरण अगदी मनात बसलं. आमच्या आजोबांच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. तीवर शिकलो आणि नोकरीला लागल्यावर स्प्लेंडर घेतली. पहिल्याच आठवड्यात समोर रिक्षा थांबली, डावा पाय ब्रेक म्हणून दाबला तर तो गिअर. हाताचा ब्रेक आपसूक लागला म्हणून वाचलो. दुसऱ्याची गाडी घेतली की आधी गल्लीत दोन चकरा मारा, मगच रस्त्यावर काढा.

खंबाटकी
उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजून दिसतात. कळकळीने सांगतो, नका करू. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्या.

गॅरेज_कोपरा
हातात ग्रीस आहे, थोडक्यात लिहितो. माझ्याकडे पडून आलेल्या गाड्यांत निम्म्यांचे टायर गुळगुळीत असतात. ब्रेकचा लायनर संपलेला, चेन लोंबकळतेय, आणि मालक म्हणतो गाडी आपोआप घसरली. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो, नक्की आकडा पुस्तिकेत असतो. हवा गार टायरमध्ये तपासा. पाण्यातून गेलात तर ड्रम ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून सुकवा, नाहीतर पुढच्या चौकात लागणारच नाही. गिऱ्हाईक आलं.

चिमी
माझं ब्रेकचं नाही, ओढणीचं आहे. अकरावीत होते, मैत्रिणीच्या मागे बसले होते. ओढणीचं टोक चाकात गेलं. गळ्याला फास बसला तो क्षण आठवला की आजही हात गळ्याकडे जातो. तिने माझा आवाज ऐकून लगेच थांबवलं आणि दातांनी ओढणी फाडली. ओढणी पुढे घेऊन गाठ मारा, पदर खोचून बसा. चालवणाऱ्याने मागे वळून एकदा बघावं, मगच किक मारावी.

सुलूआत्या
चिमी, अंगावर काटा आला गं. ती मैत्रीण गुणाची.

चिमी
आत्या, तिचंच बाळ आत्ता माझ्या मांडीवर झोपलंय. एका हाताने टाइप करतेय.

उसाची_वाट
आमच्याकडे कारखाने सुरू झाले की रात्री ट्रॉल्या. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की मधली ट्रॉली दिसतच नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, डोळे दिपले तर तेवढं अंतर आंधळेपणाने जातं. चुलतभाऊ असाच गेला, तीन वर्षं झाली. हंगामात मी सातनंतर गाडी काढत नाही. कारखान्यांनी ट्रॉलीमागे लाल पट्ट्या लावल्याच पाहिजेत.

घाटपायथा
दादा, फार वाईट झालं. 🙏

म्हापसा_तिठो
आमचे मामा पायलट होते. बाहेरच्यांना माहीत नसेल, गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल भाड्याने मिळते, चालवणारा तो पायलट. मामा नव्या गिऱ्हाइकाला एकच सांगायचे, "मी झुकलो की तूही झुक, सरळ बसू नकोस." मागचा उलट्या बाजूला कलला की गाडी वळायला मागत नाही. आणि खड्डा चुकवायचा तर खड्ड्याकडे बघायचं नाही, मोकळ्या जागेकडे बघायचं. नजर जाते तिथे गाडी जाते, हे करून बघा.

भजीप्रेमी
भोर म्हणजे वरंधा घाट ना? वाघजाईच्या देवळापाशी भजी अजून मिळतात का?

स्टुटगार्टहून
इथे लायसन्सच्या परीक्षेत ताशी ५० वरून कमीत कमी अंतरात थांबून दाखवावं लागतं, अडथळाही चुकवावा लागतो. मी पुण्यात आठचा आकडा काढून लायसन्स घेतलं होतं, जोरात ब्रेक लावायला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या बाबांनी ते फक्कीने शिकवलं हे वाचून डोळे भरून आले.

नवाकोरा
माझ्या गाडीला एबीएस आहे, मग हे सगळं लागतं का?

गॅरेज_कोपरा
लागतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, चांगलंच आहे. चाक जाम होऊ देत नाही. पण अंतर तुलाच ठेवायचंय आणि वळणाआधी वेग तुलाच कमी करायचाय. तुझं सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला, मागचं जाम होऊ शकतं. हेल्मेटचा पट्टा लाव. आरशाला टांगलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही.

खंबाटकी
पांढरे झेब्रा पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं पावसात साबणासारखी होतात. त्यावरून जाताना ना ब्रेक ना रेस.

सुलूआत्या
माझ्या नातवाला रविवारी नेते रस्त्यावर, म्हणजे त्याच्या बाबाला न्यायला सांगते. फक्की घरात नाही, रांगोळी चालेल का?

घाटपायथा
चालेल आत्या, पण अगदी बारीक रेघ, जाड थरावर टायर घसरतो. हेल्मेट, बूट घालूनच. सुरुवात २० च्या वेगाने करा. ते सकाळचं पोरगंही येणार आहे म्हणे, आत्ताच फोन आला.

भजीप्रेमी
भज्यांचं कोणीच सांगितलं नाही अजून.