लाल शेड्सची तुलना: टिपवर एक रंग, नखावर दुसराच

नखरेल९

नेलपॉलिशच्या सात बाटल्यांची नीट तुलना करायची आहे: दोन लाल क्रीम (बिनचमकीचं, अपारदर्शक), एक लाल जेली, एक मरून शिमर, एक तांबूस मेटॅलिक, एक पांढरं क्रीम आणि एक निऑन केशरी. नखाच्या आकाराची पारदर्शक प्लास्टिक टिप पांढऱ्या कागदावर ठेवून बघितली तर जेली गुलाबीसर दिसतं, नखावर तेच विटकरीकडे झुकतं. दोन्ही लाल क्रीम फोटोत जुळ्या बहिणी, प्रत्यक्षात एक निळसर आणि एक केशरी झाक असलेलं. पांढऱ्याला पट्टे पडतात ते वेगळंच.

टिपवरचा रंग नखाशी जुळवायचा कसा? सगळ्यांना सारखेच कोट द्यायचे की ज्याला जितके लागतील तितके? आणि टिकाऊपणा तपासायची काही धड पद्धत आहे का? कारणांसकट सांगितलंत तर बरं होईल.

सरळब्रश

जेलीचा घोळ टिपमुळे आहे. जेली आणि बरेचसे शिमर अर्धपारदर्शक असतात, त्यामुळे खाली जे असेल ते रंगात मिसळतं. नखाखाली गुलाबी कातडी आहे, तुमच्या टिपखाली पांढरा कागद. उपाय सोपा आहे: टिपच्या खालच्या बाजूला तुमच्या नखाच्या रंगाच्या जवळ जाणारं फिकट गुलाबी-बदामी क्रीम लावा, आणि टोकाकडच्या तीनेक मिलिमीटरला पांढरं. म्हणजे नखाचा गुलाबी भाग आणि वाढलेली पांढरी कड दोन्ही तयार. मग वरून शेड लावायची.

शिवाय खालच्याच बाजूला काळ्या मार्करने एक आडवी रेघ ओढा, आणि हे क्रीम लावायच्या आधी ओढा, नाहीतर ती वरून दिसणारच नाही. शेड किती झाकते याचं हे माप. कोणत्या कोटला पांढरी कड गेली, कोणत्या कोटला काळी रेघ पुसट झाली, हे टिपवरच लिहून ठेवा. वरच्या बाजूला मार्कर चालवू नका, नेलपॉलिशच्या सॉल्व्हंटमध्ये शाई विरघळते आणि रंग मळतो. खालीही रेघ पूर्ण वाळू द्या आणि त्यावर क्रीमचा ब्रश एकदाच फिरवा, घासाघीस नको. तरी फुटलीच तर रेघेऐवजी काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा.

कोटचं म्हणाल तर दोन्ही करायचं. टिपवर पायऱ्या पाडा: पूर्ण लांबीला पहिला कोट, दुसरा क्युटिकलकडचा (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीकडचा) थोडा भाग सोडून, तिसरा त्याहून खाली. एकाच टिपवर एक, दोन, तीन कोट शेजारी शेजारी दिसतात. तुलना मात्र पूर्ण झाकलं गेलेल्या भागांचीच करायची. दोन कोटचं क्रीम आणि दोन कोटची जेली शेजारी ठेवून जेलीला फिकट म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे, ती तशीच बनवलेली असते.

लाल रंगाच्या फोटोत कॅमेऱ्याचा लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून जातो, मग बारीक फरक उरतच नाही. एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या खाली आणा, टिपा करड्या कागदावर ठेवा, व्हाइट बॅलन्स त्या करड्यावर लॉक करा. उजेड खिडकीचा हवा पण थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली निळसर लाल आणि केशरी लाल एकाच माळेचे मणी दिसतात.

ठाकठीक_कोट

वरच्या पद्धतीत एक भर. टॉप कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) लावल्याशिवाय शेड ठरवू नका, आणि सगळ्यांना तोच टॉप कोट लावा. चकचकीत टॉप कोटने गडद शेड आणखी गडद होते, मॅटने तीच फिकट, पावडर लावल्यासारखी दिसते, कारण खडबडीत पृष्ठभाग उजेड चहूकडे विखुरतो. टिपच्या उभ्या अर्ध्या भागावरच टॉप कोट द्या, म्हणजे मूळ फिनिशही शाबूत राहतं.

आता पांढऱ्याचे पट्टे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ठासून भरलेलं असतं. ते जड, तळाला बसतं, आणि इतक्या रंगद्रव्यामुळे पॉलिश स्वतःहून सपाट होत नाही, ब्रशची रेघ तशीच राहते. बाटली उलटीसुलटी करून तळहातांमध्ये मिनिटभर घोळवा, जोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे आत शिरतात. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसा, दुसऱ्या बाजूला थेंब राहू द्या. क्युटिकलच्या मिलिमीटरभर अलीकडे ब्रश टेकवा, किंचित मागे ढकला, मग टोकाकडे ओढा: मधे एक, दोन्ही कडांना एकेक. ब्रश नखावर दाबायचा नाही, थेंबावर तरंगत न्यायचा. पहिला कोट ठिगळासारखा दिसला तरी परत ब्रश फिरवू नका. तीन मिनिटं थांबा. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश गेला की तो थर खरवडला जातो आणि पट्टा तिथेच पक्का होतो.

मेटॅलिकला कारण वेगळं, लक्षण तेच. त्यातले चपटे धातूचे कण ब्रशच्या दिशेने आडवे पडतात, म्हणून प्रत्येक रेघ दिसते. तिथे उलट लांब, सरळ, एका दमात ओढलेले हात हवेत, आणि ओढ क्युटिकलपासून टोकापर्यंत न तुटता. नखावरचे उंचवटे मेटॅलिक कधीच लपवत नाही, उलट दाखवतं. आधी रिज फिलर (उंचवटे भरून काढणारा बेस) लावा.

नखरेल९

पायऱ्यांची युक्ती झकास. पण जेलीच्या तिसऱ्या कोटला बोट लागलं की खळगा पडतो, अर्ध्या तासानंतरसुद्धा. वरून तर कोरडं वाटतं. आणि एक बाटली घट्ट झालीय, ब्रशला तार येते. रिमूव्हरचे दोन थेंब टाकले तर चालेल?

ठाकठीक_कोट

रिमूव्हर अजिबात नको. साधं नेलपॉलिश म्हणजे इथाइल अॅसिटेट आणि ब्युटाइल अॅसिटेटमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज, सोबत रेझिन, लवचिकपणासाठी प्लॅस्टिसायझर आणि रंगद्रव्य तरंगत ठेवणारी माती. रिमूव्हरमध्ये सहसा अॅसिटोन असतं, बऱ्याचदा पाणी आणि तेलही. अॅसिटोन फार झपाट्याने उडतं, थर सपाट व्हायला वेळच मिळत नाही. पाणी गेलं तर नायट्रोसेल्युलोज गुठळ्या धरतं. याच अॅसिटेटचं थिनर मिळतं, ते दोन-तीन थेंब टाकून घोळवा, थोडा वेळ ठेवा, तार आलीच तर आणखी एक. मात्र थिनर घातलेली बाटली फॉर्म्युल्याच्या तुलनेतून बाद समजा, फक्त रंगासाठी वापरा. सात बाटल्या एकदम उघड्या ठेवून कामाला बसू नका, प्रत्येक कोटनंतर झाकण. तोंडावर वाळलेली पापुद्री पुसली नाही तर झाकण नीट बसत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तार.

खळग्याचं कारण: हे पॉलिश फक्त सॉल्व्हंट उडून वाळतं. वरचा पापुद्रा आधी बंद होतो आणि आतलं सॉल्व्हंट अडकतं. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, म्हणून तीन पातळ कोट दोन जाड कोटांच्या आधी तयार होतात. हात लावण्याजोगं दहा-पंधरा मिनिटांत, पण आतून कडक व्हायला काही तास. गरम हवेचा ड्रायर मारू नका, वरचा पापुद्रा आणखी लवकर बंद होतो आणि खाली बुडबुडे उठतात.

टवकाउडाला

टिकाऊपणाची चाचणी टिपांवर होत नाही, नखांवरच करावी लागते. डावा हात एका फॉर्म्युल्याला, उजवा दुसऱ्याला ही वाटणी बहुतेक जण करतात आणि तिथेच निकाल वाकडा होतो, कारण कामाच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आधी झिजणार हे ठरलेलंच. एकाआड एक बोट लावा: उजव्या हाताला अंगठ्यापासून क, ख, क, ख, क आणि डाव्याला ख, क, ख, क, ख. बेस कोट (रंगाखालचा पहिला थर) तोच, टॉप कोट तोच, कोटांमधला वेळ तोच.

लावण्याआधी हात पाण्यात भिजवू नका. नख पाणी पिऊन फुगतं, नंतर आक्रसतं, आणि वरचा थर सुटतो. तेल-क्रीमही नंतर. बिनतेलाच्या रिमूव्हरने किंवा स्पिरिटने नख पुसा, मग बेस. टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा, बेस, रंग आणि टॉप तिन्ही वेळा.

रोज एका ठराविक वेळी फोटो काढा आणि "गेलं" एवढंच लिहू नका, कसं गेलं ते लिहा. टोकाची कड नुसती पुसट झाली तर ती घासण आहे, फॉर्म्युल्याचा दोष म्हणता येत नाही. टवका उडाला तर थर ठिसूळ आहे. अख्खा पापुद्रा सोलून निघाला तर रंगाला दोष देऊ नका: बेस धरला नाही किंवा नखावर तेल होतं. आणि टॉप कोट लावल्यावर तासाभरातच रंग कडांपासून मागे सरकलेला दिसला, तर तो झटपट वाळणाऱ्या टॉप कोटने आकसलाय.

लाल शेड्सखाली बेसचे दोन पातळ कोट द्या, लाल रंगद्रव्य नखात उतरून पिवळट-नारिंगी डाग ठेवतं. काढताना बोळा दहा सेकंद दाबून धरा आणि टोकाकडे एकदाच ओढा. गोल गोल घासलं की लाल रंग क्युटिकलमध्ये जाऊन बसतो.

सरळब्रश

आकसण्याबद्दल थोडा मतभेद. टॉप कोटइतकाच दोष कोट जाड असण्याचा असतो. कोट पातळ असतील आणि शेवटच्या कोटनंतर चार-पाच मिनिटं थांबलात तर तोच टॉप कोट मुकाट्याने बसतो.

निऑन राहिलंच. त्याची चमक फ्लुरोसंट रंगद्रव्याची, झाकण्याची ताकद कमी. खाली पांढऱ्याचा एक पातळ कोट द्या, वर निऑनचे दोन. अर्धवट मॅट वाळतं, तो दोष नाही. फोटोत ते कधीच खरं येत नाही, म्हणून निऑनची तुलना डोळ्यांनीच करा. टिपा बंद डब्यात ठेवा, उजेडात ही रंगद्रव्यं लवकर विटतात. पुढे मल्टिक्रोम (कोन बदलला की रंग बदलणारं) घेतलंत तर पांढऱ्याऐवजी काळा बेस. थर्मल (उष्णतेने रंग बदलणारं) घेतलंत तर टिपला अंगाची ऊब नसते, तेव्हा एकदा कोमट आणि एकदा गार पाण्यात बुडवून दोन्ही रंग नोंदवा.

दिवाबत्ती

या तुलनेत जेल पॉलिश मिसळू नका (जेली वेगळी), एवढंच सांगायला आले. जेल वाळत नाही, यूव्ही किंवा एलईडी दिव्याच्या उजेडात त्याची साखळी जुळून ते घट्ट होतं. म्हणून तिथे पातळ कोटचं कारणही वेगळं: गडद आणि पांढऱ्या शेड्स उजेड अडवतात, जाड थर वरून कडक आणि खाली कच्चा राहतो, मग सुरकुत्या पडतात. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर अॅक्रिलेटची अॅलर्जी जडू शकते, आणि ती सहसा कायमची राहते. ज्या जेलला जो दिवा सांगितलाय तोच वापरा, कडेला सांडलेलं दिव्यात हात घालण्याआधी पुसा. चमक बघायची ती वरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यानंतरच. जेलच्या जुन्या बाटल्यांच्या घटकांत टीपीओ (दिव्याच्या उजेडात जेल घट्ट करायला लागणारं रसायन) दिसू शकेल. युरोपियन युनियनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून त्याला सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे.

बाटलीवर "जेल इफेक्ट" लिहिलेलं आणि दिवा न लागणारं पॉलिश मात्र साधंच असतं. ते तुमच्या सातांच्या रांगेत खुशाल बसवा.